वाघ, घोडा आणि नातेवाइकाची सही

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात संमतीचा जो कागद पुढे येतो, त्यावर बहुधा दोन सह्यांची जागा असते. एक रुग्णाची, एक नातेवाइकाची; शेजारी 'रुग्णाशी नाते' असा रकाना. रुग्ण बेशुद्ध असेल, स्मृतिभ्रंशाने सगळं विसरला असेल, किंवा त्याची बौद्धिक वाढ लहानपणीच थांबली असेल, तर पहिली जागा मोकळी राहते. दुसऱ्या जागेवर मुलगा, नवरा, भाऊ, जो कोणी हजर असेल तो सही करतो. मग ऑपरेशन होतं आणि कायद्याची बाजू पूर्ण झाली असं सगळेच धरून चालतात.

माझं काम सॉफ्टवेअरचं. कोणाला कशाची परवानगी आहे आणि ती त्याला कोणी दिली, हे तपासण्यात आमच्या कामाचा बराच वेळ जातो. त्याच सवयीने मी या दुसऱ्या सहीकडे बघायला लागले. पंचेचाळीस वर्षांच्या सज्ञान माणसाच्या पोटावर सुरी चालवायची परवानगी द्यायचा अधिकार त्याच्या भावाला कोणी दिला? आपण ज्या कायद्याचा वारसा घेतला त्या इंग्लंडच्या 'कॉमन लॉ'चं उत्तर स्पष्ट आहे : कोणीही नाही. सज्ञान माणसाच्या वतीने 'हो' म्हणायचा अधिकार आईला नाही, नवऱ्याला नाही, डॉक्टरलाही नाही. मग ज्याला स्वतः 'हो' म्हणता येत नाही त्याच्यावर उपचार कोणत्या आधारावर होतात? तो आधार कसा सापडला, मध्येच कसा हरवला आणि पुन्हा सापडल्यावर किती ताणला गेला, त्याची ही हकिगत आहे.

दंडविधानातला वाघ

या प्रश्नाचं एक नेटकं उत्तर आपल्याकडे इंग्लंडच्या बरंच आधी लिहिलेलं होतं. मेकॉलेच्या मसुद्यावरून तयार झालेल्या १८६०च्या भारतीय दंडविधानाचं कलम ९२ सांगतं की, एखाद्याच्या हितासाठी, सद्भावनेने, त्याच्या संमतीशिवाय केलेली कृती ठरावीक परिस्थितीत गुन्हा होत नाही. संमती देणं त्याला शक्य नसावं, आणि ज्याच्याकडून वेळेत संमती मिळू शकेल असा कायदेशीर पालकही नसावा.

दंडविधानाची लज्जत त्याच्या उदाहरणांत आहे, आणि या कलमाची उदाहरणं तर एखाद्या गोष्टीच्या पुस्तकातली वाटावीत. 'झेड' घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला आहे. 'ए' हा सर्जन आहे. कवटीला भोक पाडणं गरजेचं आहे असं त्याला दिसतं. झेड शुद्धीवर यायची वाट न बघता तो ते करतो. गुन्हा नाही. दुसऱ्या उदाहरणात झेडला वाघाने उचललं आहे. गोळी झेडलाच लागू शकते हे माहीत असूनही ए वाघावर गोळी झाडतो, आणि ती झेडला लागते. हेतू झेडला वाचवण्याचा, म्हणून गुन्हा नाही. कलमाखाली एक छोटं स्पष्टीकरणही आहे : निव्वळ पैशाचा फायदा म्हणजे 'हित' नव्हे.

घोडा आणि वाघ या दोन्ही उदाहरणांत कोणाची सही नाही. सर्जनला परवानगी मिळते ती फुटलेल्या कवटीमुळे आणि शिकाऱ्याला मिळते ती वाघामुळे. म्हणजे गरज हीच परवानगी. अर्थात हे कलम फौजदारी आहे. ते तुरुंगातून वाचवतं, पण झेडने नंतर नुकसानभरपाई मागितली तर काय, याबद्दल बोलत नाही. आणि या उदाहरणांमध्ये संकट एकदाच येतं आणि संपतं. झेड उद्या शुद्धीवर येणार आहे. जो कधीच शुद्धीवर येणार नाही, किंवा शुद्धीवर असूनही ज्याला ऑपरेशन म्हणजे काय हे कळणार नाही, त्याचं काय?

राजाचा अधिकार आणि त्यातलं भोक

इंग्लंडमध्ये अशा माणसांचा सांभाळ राजाकडे होता. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या 'डी प्रेरोगॅटिव्हा रेजिस' या जुन्या दस्तात तो लिहिलेला सापडतो. जन्मतः अजाण आणि मध्येच भान गेलेले असे त्यात दोन वर्ग आहेत. पहिल्यांच्या जमिनीचं उत्पन्न राजाने घ्यायचं आणि त्यांना पोसायचं. दुसऱ्यांचं उत्पन्न त्यांच्यासाठी राखून ठेवायचं, कारण ते बरे होऊ शकतात. सुरुवातीला सगळी काळजी जमिनीची होती. पुढे याच अधिकारातून 'पॅरेन्स पॅट्रिए', म्हणजे राजा हा प्रजेचा पालक, ही कल्पना वाढली. राजा स्वतःच्या सहीच्या फर्मानाने हे काम लॉर्ड चॅन्सेलरकडे सोपवायचा आणि पुढे न्यायाधीश ते बघायचे.

मग १९५९चा मेंटल हेल्थ ॲक्ट आला. त्याचा हेतू चांगला होता : मनोरुग्णांचे जुने कायदे रद्द करून नवी, अधिक मानवी व्यवस्था आणायची. तो १९६०मध्ये लागू झाला तेव्हा राजाचा जुना अधिकार आता लागणार नाही असं समजून ते फर्मानही मागे घेतलं गेलं. नव्या कायद्यात पालक नेमायची सोय होती आणि त्या पालकाला चौदा वर्षांखालच्या मुलाच्या बापाइतके अधिकार होते. पण हे अती आहे, असं म्हणून १९८२-८३च्या दुरुस्तीने ते तीन गोष्टींपुरते ठेवले : रुग्णाने कुठे राहायचं, उपचार किंवा शिक्षणासाठी कुठे हजर व्हायचं आणि त्याला कोणी भेटायचं. उपचाराला संमती देण्याचा अधिकार त्या यादीत नव्हता.

आमच्या धंद्यात असे अपघात ओळखीचे आहेत. जुनं फंक्शन कोणी वापरत नाही असं वाटून कोणीतरी काढून टाकतं, आणि कुठल्या कोपऱ्यातून ते हाकारलं जात होतं हे नंतर कळतं. इथे कळायला जवळजवळ सत्तावीस वर्षं लागली. मधल्या काळात डॉक्टर उपचार करत राहिले, नातेवाईक सह्या करत राहिले, आणि त्या सहीला अर्थ आहे का हे फारसं कोणी विचारलं नाही.

१९८७मध्ये एका सतरा वर्षांच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीच्या नसबंदीचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत घाईघाईने गेलं. घाईचं कारण तिचा वाढदिवस. अठरा पूर्ण होण्याआधी अज्ञान मुलांबाबतचा न्यायालयाचा अधिकार चालत होता. दुसऱ्या दिवशी तिच्या वतीने 'हो' म्हणू शकणारं देशात कोणीच उरणार नव्हतं. न्यायालयाने परवानगी दिली. पुढची स्त्री मात्र सज्ञान होती.

एफ

कायद्याच्या पुस्तकांत तिचं नाव फक्त 'एफ' एवढंच आहे. वय ३६. चौदाव्या वर्षापासून ती बरोकोर्ट हॉस्पिटलात राहत होती. तिची सर्वसाधारण समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढी आणि भाषा त्याहून कमी आहे, असं डॉक्टर सांगत. तिथल्याच एका पुरुष रुग्णाशी तिचे संबंध जुळले होते. ती गरोदर राहिली तर ते तिला झेपणार नाही आणि गर्भनिरोधनाचे इतर मार्ग तिला चालणार नाहीत, असं डॉक्टरांचं मत पडलं. नसबंदी बेकायदा ठरणार नाही असं जाहीर करावं, म्हणून तिची आई न्यायालयात गेली.

मे १९८९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने आधी पोकळी मान्य केली : एफच्या वतीने संमती देण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. मग लॉर्ड गॉफ यांनी दुसऱ्या दिशेने वाट काढली. संमती नसली तरी एखादा स्पर्श कायदेशीर असू शकतो, गरज असली तर. भरधाव गाडीसमोर आलेल्याला कोणी ओढून काढतं, रेल्वे अपघातात अडकलेल्यांना कोणी सोडवतं. त्यासाठी त्यांनी दोन अटी घातल्या. त्या माणसाशी बोलून ठरवणं शक्य नसावं, आणि शहाण्या माणसाने त्याच्या सर्वोत्तम हितासाठी जे केलं असतं तेच केलेलं असावं. जो कायमच संमती देऊ शकत नाही त्याच्या बाबतीत ही गरज रोजची असते. त्याची दाढ काढणं, त्याला भरवणं, कपडे घालणं, सगळं तिच्यात येतं.

म्हणजे दंडविधानातला घोडा आणि वाघ, आता दिवाणी कायद्यात आणि रोजच्या वापरासाठी. पण एफच्या अंगावर वाघ नव्हता. नसबंदी केली नसती तर ती मेली नसती.

हा फरक किती नाजूक आहे हे कॅनडातल्या दोन जुन्या खटल्यांवरून कळतं. लॉर्ड गॉफ यांनीही त्यांचा उल्लेख केला आहे. १९३३च्या खटल्यात हर्नियाचं ऑपरेशन करताना सर्जनला रोगट अंडकोष दिसला. जिवाला धोका आहे असं वाटून त्याने तो काढला. तो सुटला. १९४९च्या खटल्यात सिझेरियन करताना डॉक्टरला गर्भाशयात गाठी दिसल्या. पुढचं बाळंतपण धोक्याचं ठरेल, पोट उघडलेलंच आहे, म्हणून त्याने नळ्या बांधून टाकल्या. तो हरला, कारण ती बाई शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. पहिल्या खटल्यात गरज होती, दुसऱ्यात सोय. एफ शुद्धीवर येऊन उत्तर देणार नव्हती, त्यामुळे तिच्या बाबतीत ही कसोटी लावायलाच जागा उरली नाही. तिचं हित कशात, हे 'बोलम' कसोटीने ठरणार होतं : जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जे योग्य वाटेल ते योग्य. ही कसोटी १९५७च्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यातली. डॉक्टर चुकला का हे मोजायची पट्टी आता एका बाईला मूल होऊ द्यायचं का हे मोजायला आली.

हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ब्रेक-ग्लास' नावाची सोय असते. आगीच्या घंटीची काच फोडावी तसं, आणीबाणीत एखादा डॉक्टर एरवी बंद असलेली रुग्णाची फाइल उघडू शकतो. तिला तीन अटी असतात. खरंच आणीबाणी हवी; परवानगी थोड्या वेळाने आपोआप संपायला हवी; आणि काच कोणी, कधी, का फोडली याची नोंद राहून ती दुसऱ्या कोणी तरी तपासायला हवी. लॉर्ड गॉफ यांनी पहिली अट लिहिली. तिसरीचा आग्रह लॉर्ड ग्रिफिथ्स यांनी धरला : उच्च न्यायालयाच्या मान्यतेशिवाय नसबंदी बेकायदाच धरावी. बाकीच्यांनी न्यायालयात जाणं ही फक्त चांगली पद्धत मानली, सक्ती केली नाही.

काच किती वेळ फुटलेली

दुसरी अट, परवानगीची मुदत, पुढच्या प्रकरणात पुढे आली. १९८९च्या एप्रिलमध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत टोनी ब्लँडचा मेंदू प्राणवायूअभावी निकामी झाला. तो वर्षानुवर्षं भान येण्याची आशा नसलेल्या अवस्थेत, नळीतून दिलेल्या अन्नावर होता. १९९३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न होता की नळी बंद करता येईल का. न्यायमूर्तींनी प्रश्न उलटा केला : नळी चालू ठेवायचा अधिकार कशातून येतो? संमती नाही, म्हणजे गरजेतून. आणि उपचाराने त्याचं काहीच हित होत नसेल, तर गरज संपली. गरजेबरोबर परवानगीही संपली. मला या सगळ्या इतिहासात हा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण गरजेचं तत्त्व इथे डॉक्टरलाही बांधून घालतं.

एच. एल. हा आत्ममग्नतेचा त्रास असलेला, न बोलणारा माणूस मात्र याच तत्त्वाखाली अडकला. १९९७मध्ये डे सेंटरमध्ये त्याचा क्षोभ झाला, म्हणून त्याला बोर्नवुड हॉस्पिटलात नेलं. त्याने विरोध केला नाही, म्हणून त्याला कायद्याने 'दाखल' करावंच लागलं नाही. ज्या दांपत्याच्या घरी तो राहत होता त्यांना भेटूही दिलं नाही. लॉर्ड्सनी एकमताने हे गरजेत बसवलं. २००४मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की हे स्वातंत्र्य हिरावणं आहे. नियम नाहीत, तपासणी नाही, दाद मागायची सोय नाही. थोडक्यात, नोंदवही नाही.

२००५चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००७मध्ये लागू झाला तेव्हा या धड्यांना कलमं मिळाली. प्रत्येक सज्ञान माणूस सक्षम आहे असं आधी धरायचं. क्षमता त्या त्या निर्णयापुरती तपासायची. निर्णय मूर्खपणाचा वाटला म्हणजे क्षमता नाही असं नव्हे. हित ठरवताना त्या माणसाच्या आधीच्या इच्छा, श्रद्धा, सवयी बघायच्या. नातेवाइकांना विचारायचं ते याचसाठी. माणसाने आधीच तसा अधिकार लिहून दिला नसेल, तर तो नातेवाईक परवानगी देणारा मालक ठरत नाही, तो साक्षीदार असतो : हा माणूस कसा होता, त्याला काय आवडलं असतं, हे सांगणारा.

शिरूर, चंडीगड, परळ

फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना आणि स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांचं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. सांगितलेलं कारण असं की त्यांना पाळीच्या दिवसांतली स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना आणि अपंगांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि शस्त्रक्रिया थांबल्या. चर्चा बरीच झाली : कर्मचारी कमी, काम किळसवाणं, बलात्कार झाला तर गर्भ राहण्याची भीती. या यादीतलं एकही कारण त्या मुलींच्या शरीरातल्या रोगाचं नव्हतं. आणि गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त दिसत नाही.

सहा वर्षांनी, २००० साली, इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे जवळजवळ तसाच प्रश्न होता. बौद्धिक अक्षमता असलेल्या २९ वर्षांच्या मुलीचं गर्भाशय काढावं, अशी आईची विनंती. कारणं तीच, पाळीचा त्रास आणि गरोदरपणाची भीती. न्यायालयाने नकार दिला : आधी गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन वापरून बघा. डॉक्टरांच्या दृष्टीने दोन्ही पर्याय 'योग्य' असतील, पण 'सर्वोत्तम' एकच असू शकतो, आणि तो ठरवायला बोलमची पट्टी पुरत नाही. एफच्या वेळी लावलेली पट्टी इथे काढून ठेवली गेली.

भारतात दुसऱ्या सहीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये सोडवला. ४४ वर्षांच्या एका स्त्रीने दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही. आईच्या संमतीला अर्थ नाही. कॅनडातला १९४९चा न्यायच हा. तरीही हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात 'घरच्यांना बोलवा' हेच वाक्य आजही चालतं.

पुढच्याच वर्षी चंडीगडच्या नारी निकेतनमधल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका अनाथ तरुणीचं प्रकरण आलं. संस्थेतच तिच्यावर बलात्कार झाला होता. प्रशासनाला गर्भपात हवा होता, उच्च न्यायालयाने आदेशही दिला. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं ऐकलं. गर्भपाताचा कायदा पालकाची संमती मनोरुग्ण स्त्रीबाबत मानतो; बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागतेच.

आणि मग परळचं केईएम. १९७३च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग तिथल्याच वॉर्डात होत्या. पिंकी विराणींच्या याचिकेवर मार्च २०११मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ब्लँड खटल्याचा आधार घेतला, पण निर्णय कोणाच्या तोंडून यावा हे स्वतःच्या वाटेने ठरवलं. इतकी वर्षं त्यांना भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना अरुणांचे जवळचे मानलं, आणि त्यांना त्या जगायला हव्या होत्या. पुढच्या अशा प्रकरणांत उच्च न्यायालयाची मान्यता घ्यावी, असंही सांगितलं. त्यासाठी आधार कोणता? पॅरेन्स पॅट्रिए. इंग्लंडने १९६०मध्ये हरवलेला राजाचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ मधून आपल्या उच्च न्यायालयांकडे शिल्लक होता.

यानंतर बरंच काही लिहिलं गेलं. अपंग व्यक्तींच्या २०१६च्या कायद्याने स्वतंत्र, जाणत्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करायला मनाई केली; शिरूरला हे उत्तर मिळायला २२ वर्षं लागली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्षमतेची व्याख्या केली आणि रुग्णाला आपला प्रतिनिधी आधीच नेमायची सोय दिली. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवनाच्या अखेरच्या उपचारांसाठी आगाऊ इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली.

कोमात गेलेल्या सज्ञान माणसासाठी पालक नेमणारा कायदा मात्र अजून नाही. त्याच्या उपचाराचा खर्च त्याच्याच खात्यातून करायला बायकोला उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळने २०१९मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना केल्या, मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये एका बायकोला नवऱ्याची पालक नेमलं. प्रत्येक घर आपापला अर्ज घेऊन जातं. १ जुलै २०२४पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३० मध्ये घोड्यावरून पडलेला झेड आहे आणि वाघही जसाच्या तसा आहे. तो झेड दोन-चार दिवसांत शुद्धीवर येईल, हे १८६०मध्ये गृहीत धरलं होतं. अतिदक्षता विभागातला आजचा झेड वर्षभर डोळे उघडत नाही, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला कोणी तरी एक कागद आणि पेन देतं.